सकाळी सहाचं इंग्रजी

आजरेकर मास्तरांनी माझ्या झोपेचं जे नुकसान केलं ते आजतागायत भरून निघालेलं नाही. मी तेव्हा कोल्हापुरात एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत होतो, मंगळवार पेठेत एका खोलीत एकटा राहत होतो आणि सकाळी सातच्या आत उठायचं नाही एवढं एकच तत्त्व निष्ठेने पाळत आलो होतो. त्यावर मास्तरांनी पाणी फिरवलं. साडेपाचला खिडकीच्या गजांवर छत्रीची मूठ आपटायची. "उठलात? उठा. चला." मी दार उघडेपर्यंत स्वारी गल्लीच्या कोपऱ्यावर पोचलेली असे. कोटाच्या एका बाहीत हात घालत मी मागे पळायचो. वाटेत चहाचं नाव काढलं की म्हणत, "पिऊ की, परत येताना." आणि परत येताना हमखास दुसऱ्या रस्त्याने आणत.

मास्तर आमच्याच शाळेत इंग्रजी शिकवायचे. पन्नाशी गाठलेले, काटकुळे, धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. इथवर ते कुठल्याही मास्तरासारखेच होते. पण त्यांचा कोट दोन्ही बाजूंनी ओघळलेला असे, कारण खिशांत नट, बोल्ट, वॉशर, एखादा जळका स्पार्क प्लग असला ऐवज ठासून भरलेला. त्यांच्या घरी धुणं धुणाऱ्या बाईने एकदा माईंना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, स्वच्छ सांगितलं होतं, "आदी खिसं रिकामं करून घ्या वैनी, न्हाईतर दुसरी बाई बगा."

हा माणूस बसत नसे. वर्गात नाही, स्टाफरूममध्ये नाही, सभेतही नाही. चहा उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने, आणि टांग्यात बसलेच तर घोडा सावकाश चालतोय म्हणून मध्येच उतरून चालू लागायचे. बोलतानाही तेच. अर्धं वाक्य बोलून झालं की त्यांना पुढचं सुचलेलं असे, मग मागचं आपण मनात पुरं करायचं. माई म्हणायच्या, "यांना जेवायला बसवायचं तर पाटाला खिळे ठोकावे लागतील." ते बोलणं थट्टेचं होतं, पण त्यात त्यांचा त्रासही होता. त्या बाईने आयुष्यभर गरम पोळी गार होताना पाहिली होती.

मास्तरांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरवायला आम्ही जयसिंगपूरला गेलो होतो. मुलाकडच्यांचा तेलाचा घाणा होता. मंडळी गादीवर बसली, पोहे आले, देण्याघेण्याची गोष्ट निघणार तेवढ्यात मुलीचा बाप गायब. शोधाशोध झाली. मास्तर मागच्या इंजिनघरात सापडले. इंजिनवाल्याला पितळेच्या पट्टीवरची अक्षरं बोटाने दाखवत विचारत होते, "हे रोज पुसता ना? मग काय लिहिलंय ते नको कळायला?" व्याही तांबडेलाल झाले. पण इंजिनवाल्याने ती पट्टी अडखळत का होईना वाचून दाखवली, तेव्हा हसून म्हणाले, "पावणं, आमच्याकडं जावई बगाय आलायसा का इंजान?" त्या खेपेत मास्तरांना जावई मिळाला आणि इंजिनवालाही. तो पुढे वर्षभर दर रविवारी पहिल्या गाडीने त्यांच्याकडे शिकायला येत होता.

पण या सगळ्याची, म्हणजे सकाळी सहाच्या वर्गाची, सुरुवात झाली ती गगनबावड्याच्या वाटेवर. संस्थान विलीन व्हायच्या आदल्या पावसाळ्यात कसल्याशा परीक्षेच्या देखरेखीसाठी आम्हा दोघांना तिकडे पाठवलं होतं. दरबारची जुनी मोटार, चालवायला मारुती चौगुले. चौगुले हे मोटारखान्यातले जाणते मिस्त्री. चाळिशी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे, मितभाषी, मूळचे मुरगूडचे. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. वर पोचायला कोसभर उरला असताना मोटार खोकलली आणि बंद पडली. तासभर चौगुले भिजत बॉनेटमध्ये डोकं घालून होते. मास्तरांना कुठला धीर! त्यांनी मोटारभर शोधाशोध करून चालकाच्या सीटखालून लाल कापडात बांधलेलं एक पुस्तक काढलं. त्याच्यावर हळदकुंकवाचे थर होते.

"चौगुले, हे काय?"

"मोटारीचं पुस्तक हाय. मोटारीसंगं विलायतेस्नं आलंय. खंडेनवमीला पुजतो आमी."

"वाचलंय कुणी?"

"कुनाला येतंय मास्तर वाचाय?"

मास्तरांनी छत्री माझ्या हातात दिली आणि तिथेच पानं उलटायला लागले. एका चित्रापाशी थांबले, वाचलं, म्हणाले, "हा स्क्रू अर्धा फेरा मागे घ्या म्हणतोय." चौगुल्यांनी घेतला. मोटार सुरू झाली. मला वाटलं, गडी खूश होईल. तो मडगार्डवर टेकला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "बारा वर्सं मास्तर. बारा वर्सं ह्ये माज्या बुडाखाली हाय, आन् मी त्येला हळदकुंकू लावतोय."

त्या दिवशी परीक्षेची देखरेख मी एकट्यानेच केली. मास्तर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते.

मोटारखान्यातल्या लोकांसाठी मास्तरांनी काढलेला इंग्रजीचा वर्ग पहिल्यांदा आमच्या शाळेत भरला. चारच दिवसांत बाकांना ग्रीस लागतंय म्हणून हेडमास्तरांनी खोलीला कुलूप घातलं. मग मास्तरांनी उद्यमनगरात गणपा मिस्त्रींना गाठलं. गणपा मिस्त्री इंजिनं बनवायचे. त्यांनी आपली पत्र्याची शेड दिली, पण अट घातली, "सकाळी आटला माज्या मशिनीचा पट्टा फिरनार. तवा कोन ए बी सी म्हनत उबा असंल तर त्येची जबाबदारी माज्यावर न्हाय." म्हणून वर्ग सकाळी सहाचा, आणि म्हणून माझी झोप गेली. मास्तरांना फळ्यावर यंत्रांची चित्रं काढून देणारा माणूस हवा होता. फळाही नव्हता. मी एका काळ्या पत्र्यावर खडूने काढायचो.

शेडमधल्या पहिल्या दिवशी समोर मोटारखान्यातले सहा जण अंग चोरून उभे होते. मास्तरांनी ए बी सीचं नावही काढलं नाही. म्हणाले, "कामावर जे जे शब्द बोलता ते सांगा." नट, बोल्ट, गॅसकेट, पिस्टन, क्लच, जॅक, गेअर. मी लिहीत गेलो. दीड तासात पत्रा भरला, उलटा करून दुसरी बाजूही भरली. मास्तर म्हणाले, "कोण म्हणतो तुम्हाला इंग्रजी येत नाही? हे सगळं तुम्ही घाम गाळून कमावलंय. याला नुसतं कामाला लावायचं राहिलंय." आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याने त्याने आपलं हत्यार घेऊन यायचं, हाताने काम करायचं आणि करता करता ते इंग्रजीत सांगायचं. आय ओपन द कॅप. आय क्लीन द पॉइंट. कोणी थांबला की मास्तर म्हणत, "हात थांबवू नका, हात थांबला की जीभ थांबते." आणि खरंच, महिन्याभरात पाने-हातोड्यांच्या खणखणाटात त्या शेडमध्ये इंग्रजी ऐकू यायला लागलं. उच्चार कोल्हापुरी होते, पण बोलणं चुकत नव्हतं.

दुपारी शाळा सुटली की मास्तर गावभर फिरायचे. छापखाना, दवाखाना, वीजघर, पेढ्या. कुठेही घुसायचे आणि विचारायचे, "तुमच्याकडे माणूस घेतलात तर त्याला पहिल्या दिवशी काय वाचावं लागेल?" आणि तिथले कोरे फॉर्म, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, जे हाताला लागेल ते उचलून आणायचे. शिपाई लोक त्यांना पाहून दप्तरं आवरायला लागले होते. पण एका कंपाउंडरला यातूनच मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली, एक हमाल वीजघरात मीटर वाचायला लागला. मास्तर अभिनंदनालाही थांबायचे नाहीत. कोणी पेढे घेऊन आला तर एक तोंडात टाकून, "बरं, तुमच्या जागी हमाल कोण आलाय? त्याला पाठवा," म्हणायचे.

मग संस्थान गेलं. मोटारखाना बंद होणार, माणसं नव्या सरकारी वर्कशॉपात घेणार, पण तपासून. काम करून दाखवायचं आणि शिवाय मुंबईहून आलेल्या साहेबासमोर तोंडी परीक्षा द्यायची, तीही इंग्रजीत, कारण पुढे सगळी कागदपत्रं इंग्रजीत असणार होती. नापास होणाऱ्याला दीड महिन्याने एक संधी आणखी, मग रामराम. चौगुल्यांच्या तीन मुली शाळेत होत्या, थोरली तर सातवीत पहिली येणारी. नोकरी गेली तर मुरगूडला भावाच्या दारात उभं राहायचं, आणि तिथे मुलींच्या शाळेचं कोण बघणार? चौगुले हे बोलत नसत. त्यांची बायको पारूबाई बोलायची. एके सकाळी ती भाकरी द्यायच्या निमित्ताने शेडच्या दारात आली.

"मास्तर, हुईल न्हवं ह्येंचं?"

"होणार म्हणजे काय! माझा शब्द, वहिनी."

"कोल्लापुरातच ऱ्हाऊ न्हवं आमी?"

"तर!" मास्तर म्हणाले आणि वळून दुसऱ्याच कोणाला तरी काहीतरी सांगायला लागले. ते 'तर' मी ऐकलं. त्यांच्या बोलण्याच्या वेगात असं वचन कितीतरी वेळा निघून जायचं.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी मास्तरांच्या घरी येऊन सांगायचं ठरलं होतं. तिघं पास झाले, ते नाचत आले. चौगुले दिवेलागणीला आले. अंगात कोणाचा तरी मागून आणलेला कोट होता. ओसरीच्या पायरीवर बसले.

"काम केलं. सायेब खूश झाला. मग आत न्हेलं आन् बसा म्हनला. बसलो. हात कुटं ठेवावं कळंना, मांडीवर ठेवलं. त्येनं इचारलं, इंजान सुरू न्हाय झालं तर काय करशील. कळलं की मला! समदं कळलं. पन मास्तर, हात मोकळं झालं आन् त्वांड बंद झालं. एक शबूद आला न्हाय."

मास्तर ओसरीवरून उतरले. चप्पल घातली आणि चालायला लागले. मी मागे. रंकाळ्याला पोचलो आणि काठाने एवढं चाललो की माझ्या पायांत गोळे आले. शेवटी ते म्हणाले, "चूक त्यांची नाही. मी कधी एकाला तरी खुर्चीवर बसवून बोलायला लावलं? मला बसवत नाही म्हणून मी त्यांना उभं ठेवलं. माझी खोड मी त्यांच्या जिभेला लावली." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, तर अंगावर आले, "गप्प बसा हो. एका माणसाचं घर मोडतंय आणि तुम्ही मला बरं वाटायला बघताय!" मला वाईट वाटलं. पण त्यांचं खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दोन खुर्च्या आल्या. एकीवर चौगुले, हात मांडीवर. समोरच्या खुर्चीवर साहेब म्हणून मास्तर. सबंध महिना हा माणूस रोज सकाळी दीड तास बसला. मी सांगतो, ते बघवत नव्हतं. एक पाय सारखा हलतोय, बोटं खुर्चीचा वेत उसकटतायत, कपाळावर घाम. तिसऱ्या मिनिटाला उठायला जायचे, चौगुल्यांकडे बघायचे आणि परत टेकायचे. "व्हॉट इज युवर नेम?" विचारताना आवाज असा काढायचे की नाव सांगणाऱ्याला आपणच चोर आहोत असं वाटावं. पंधरा दिवसांनी चौगुले म्हणाले, "मास्तर, रागावू नका, पन तुमी असं बसला की मला वाटतंय घरात कुनीतरी गेलंय." बाकीचे फिसकन हसले. मास्तरही हसले, पण उठले नाहीत.

फरक म्हणावा तर फार पडला नाही. पाठ केलेलं चार दिवस टिकायचं, पाचव्या दिवशी पुन्हा मांडीवर हात आणि तोंडाला कुलूप. दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या सकाळी चौगुले खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. उद्या जमलं तर जमलं. न्हाईतर पोरींची दाखली काडून मुरगूड." मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

परीक्षा झाली त्या दिवशी मास्तर शाळेत आले आणि कोणत्या वर्गात कोणता धडा शिकवला हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघंच होतो. चौगुले आले ते या वेळी पायरीवर बसले नाहीत.

"त्योच सायेब. तीच खुर्ची. त्योच सवाल. माजं पुन्यांदा त्येच झालं बगा. घामानं चिंब झालो. त्यो कागदावर कायतरी लिवाय लागला. म्हटलं, आता खल्लास. आन् मी उटलो. म्हटलं, सर, प्लीज कम टू द इंजिन. आय विल टेल देअर."

"हे मी कुठं शिकवलं होतं?" मास्तर जवळजवळ ओरडले.

"तुमी न्हाय शिकवलासा. आलं आपसूक. सायबानं वर बगितलं, जरा हासला, आन् टोपी घालून आला की मागनं! मग काय, बॉनेट वर केलं आन् सुरू. अर्धा घंटा बोललो. शेवटाला त्योच म्हनला, इनफ, इनफ."

माई दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मास्तर ओसरीभर फिरत होते आणि "कम टू द इंजिन! कम टू द इंजिन!" म्हणत होते. मी इतक्या वर्षांत त्यांना स्वतःवर खूश झालेलं कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ते खूश होते ते चौगुल्यांवर.

नेमणुकीचा कागद तीन आठवड्यांनी आला. चौगुल्यांनी तो शेडमध्ये सगळ्यांसमोर स्वतः वाचला, हातात फक्त कागद धरून, अडखळत पण शेवटपर्यंत. पगार चांगला होता. हुद्दा चांगला होता. नेमणूक सुरतेला. तेव्हा सुरत आपल्याच मुंबई राज्यात होती, त्यामुळे सरकारच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं. दहा दिवसांत हजर व्हायचं होतं.

स्टेशनवर सोडायला आम्ही दोघं गेलो. ट्रंक, वळकटी, पाट्याचा वरवंटा, तीन मुली. पारूबाई डब्यात खिडकीशी बसली होती आणि मास्तरांकडे बघत नव्हती. मास्तर प्लॅटफॉर्मवर उलटसुलट सूचना देत होते, मिरजेला गाडी बदला, मुंबईत सामान सांभाळा, पोचल्यावर मुलींच्या शाळेचं आधी बघा. ती एकदम म्हणाली, "मास्तर, कोल्लापुरातच ऱ्हाऊ म्हनलावतासा."

मास्तर थांबले.

"मुरगूड तरी माजंच हुतं. दोन जावा, चार शब्द बोलाय मानसं. तितं मी सकाळी उटून भाजीवालीसंगं काय बोलू? सांगा की. ह्येंला शिकवलासा, मला काय शिकवलासा?"

चौगुले दबक्या आवाजात "गप की," म्हणाले. ती गप्प झाली नाही. "न्हाय, सांगू देत. वांगी कशी दिली, ह्ये तितं कसं म्हनायचं?"

आजरेकर मास्तरांना कुठल्याही प्रश्नाचं उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आत सुचायचं. या वेळी ते आधी खिडकीजवळ आले. "मला गुजराती येत नाही, वहिनी," ते म्हणाले. "मी न विचार करता बोललो. चुकलो मी."

पारूबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा राग गेला असं मला वाटलं नाही. पण गाडी हलली तेव्हा तिने धाकटीला खिडकीशी धरलं आणि म्हणाली, "मास्तरास्नी नमस्कार कर." मुलीने केला. चौगुले दारात उभे राहून दिसेनासे होईपर्यंत हात हलवत होते.

मी वळलो तर मास्तर शेजारी नव्हते. स्टेशनाबाहेर आलो, ते पार पुढे झपाझप चालले होते. मी त्यांना गुजरीत, सराफांच्या गल्लीत गाठलं. एका सराफाच्या पेढीत ते उभे होते. पेढीवरचे शेटजी मूळचे सुरतेकडचे, आधी गिऱ्हाईक समजून त्यांनी बांगड्यांची पेटी उघडली होती, आता ती बाजूला सारून गोंधळलेल्या चेहऱ्याने उत्तरं देत होते. मास्तरांनी पोस्टकार्ड काचेवर ठेवलं होतं आणि मुलींना वाचता यावं म्हणून मोठ्या, सुट्या बाळबोध अक्षरांत लिहीत होते.

"वांग्याला काय म्हणता?"

"रींगणा."

"रींगणा. आणि जरा कमी करा?"

"ओछो करो."

"ओछो करो. पोरीला बरं नाही, डॉक्टर कुठं आहे, हे कसं विचारायचं? आणि शेजारणीला, या की बसायला?"

शेटजी सांगत होते. मास्तर प्रत्येक शब्द दोनदा म्हणून बघत होते आणि मगच लिहीत होते. पुढच्याच महिन्यात माझी गडहिंग्लजला बदली झाली, आणि नंतर त्यांच्या जाण्याची बातमीच काय ती कानावर आली. त्यांना नीट असं मी पाहिलं ते त्या पेढीत. टोपी मागे सरकलेली, नाकावर चष्मा, तोंडाने 'आवो, बेसो' पुटपुटतायत. कार्डाची एक बाजू भरली तशी त्यांनी दुसरी भरायला घेतली, आणि पत्त्याला जागा उरली नाही हे लक्षात आल्यावर हात माझ्यापुढे करून म्हणाले, "पळा, आणखी एक कार्ड घेऊन या."